जमिनीचा आवाज आमच्या कानांपर्यंत येऊ द्या : कोयना खोऱ्यातील भूशास्त्रज्ञांना आणि राज्याच्या कला संचालनालयाला खुले पत्र

मान्यवर शास्त्रज्ञहो आणि कला संचालनालयातील अधिकारीवर्ग,

सादर नमस्कार.

मी पाटण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालेला शिक्षक आहे. एकच पत्र मी आपणा दोघांच्या नावे लिहीत आहे, कारण जे मागायचे आहे ते आपणांपैकी कोणा एकाला देता येण्यासारखे नाही. कोयना खोऱ्याच्या जमिनीखाली रात्रंदिवस जी हालचाल चालते तिची नोंद शास्त्रज्ञांकडे आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीला आकार कसा द्यावा, हे शिकणारी मुले कला महाविद्यालयांत आहेत. आणि ती हालचाल अंगावर झेलणारी माणसे आमच्या गावांत आहेत. माझी विनंती अशी की, कराडजवळ हजारमाचीला, जमिनीत खोदलेल्या खोल विवरांच्या संशोधनासाठी उभारलेल्या प्रयोगशाळेच्या आवारात किंवा कोयनानगरला एक खोली बांधावी, जिथे कोणाही माणसाला या जमिनीचे कंपन ऐकता येईल, पाहता येईल आणि तळहाताला जाणवेल, आणि ती खोली शास्त्रज्ञ व कलावंत यांनी एकत्र बसून घडवावी.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी साडेचार वर्षांचा होतो. आईने मला घोंगडीसकट उचलून अंगणात आणले, हे मी नंतर तिच्या तोंडून ऐकले. माझी स्वतःची म्हणावी अशी आठवण एकच आहे आणि ती आवाजाची आहे. मांडणीवरची सगळी भांडी खाली आली, घर हलायचे थांबले, आणि त्यानंतरही अंधारात एक पितळी परात कडेवर गरगरत राहिली. तिचा आवाज जलद होत होत अगदी बारीक झाला आणि मग एकदम थांबला. पुढे कितीतरी वर्षे लग्नघरात कोणाच्या हातून परात निसटली की माझा हात आपोआप भिंतीकडे जाई. ६.३ रिश्टर तीव्रतेच्या त्या धक्क्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. कोयना धरणाच्या अंगातच बसवलेल्या यंत्राने त्या काही सेकंदांची जी रेघ काढली, ती आज जगभरचे स्थापत्य अभियंते धरणांच्या गणितासाठी वापरतात. आमच्या खोऱ्यातल्या मुलांनी मात्र ती रेघ पाहिलेली नसते. आपल्या आजोबांचे घर पाडणाऱ्या हादऱ्याचे चित्र कागदावर उपलब्ध आहे, हे त्यांच्या गावीही नसते.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. या धरणाच्या शिवसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि तेव्हापासून हा भाग हलतो आहे. ५ रिश्टर किंवा त्याहून मोठे असे २० पेक्षा अधिक, ४ च्या आसपासचे सुमारे २०० आणि त्याहून लहान असे हजारो भूकंप साधारण ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद अशा एवढ्याशा पट्ट्यात झाले आहेत. १९६७ चा भूकंप हा जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांपैकी जगातला सर्वांत मोठा मानला जातो. पुढे १९८५ पासून शेजारच्या वारणा जलाशयात पाणी अडवले जाऊ लागले आणि धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे पसरले. खडकातल्या भेगांवर मुळातच ताण असतो. वरून पाण्याचे वजन पडते, ते पाणी भेगांत झिरपून आतला दाब वाढवते, आणि जो खडक कदाचित पुढे केव्हातरी सरकला असता तो आज सरकतो. म्हणून पावसाळा सरता सरता, जलाशय भरत आल्यावर आणि पुन्हा हिवाळ्यात, धक्के वाढतात. हे वेळापत्रक आमच्या बायाबापड्यांना विज्ञान माहीत नसतानाही ठाऊक होते. माझी आजी नवरात्राच्या आधी मांडणीवरची जड भांडी खालच्या फळीवर घेत असे आणि दिवाळी होऊन थंडी सरेपर्यंत ती वर ठेवत नसे.

परंतु हजारो भूकंपांपैकी अंगाला जाणवतात ते फार थोडे, आणि माझे मागणे आहे ते उरलेल्यांविषयी. माणसाचा कान साधारणपणे सेकंदाला २० कंपनांपासून पुढचे ऐकतो. भूकंपाच्या लहरींची बहुतेक सगळी कहाणी त्याच्या खाली घडते. तो आवाज नाही असे मात्र नाही, तो आपल्या कानाच्या मानाने फार संथ आहे. नोंदलेले कंपन २०० पट वेगाने वाजवले तर सेकंदाला एकदा होणारे कंपन २०० वर जाते, म्हणजे हार्मोनियमच्या मध्य सप्तकाच्या आसपास येते, आणि २४ तासांचा दिवस ७ मिनिटे १२ सेकंदांत ऐकून होतो. अशा वेगाने जवळचा बारीक भूकंप टिचकी मारल्यासारखा वाजेल. दूर इंडोनेशियात झालेल्या मोठ्या भूकंपाचा लांबलचक घुमारा उमटेल. सकाळी घाटातून वाहने धावू लागली की एक खरखर वाढेल आणि रात्री ती बसेल. या सगळ्याच्या तळाशी, पाच-सहा सेकंदांना एक अशा लयीत जमिनीत शिरणारी समुद्राच्या लाटांची धडक खर्जातल्या गुणगुणीसारखी येत राहील आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की ती भरून येईल. कोयनेच्या काठी बसलेल्या माणसाला पायाखालच्या खडकातून समुद्राची गाज ऐकू यावी, याहून मोठे आश्चर्य मी तरी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवू शकलो नसतो.

यात नवे काही नाही, हेही मला ठाऊक आहे. अमेरिकी भूकंपशास्त्रज्ञ ह्यूगो बेनिऑफ यांनी नोंदी वेगाने वाजवून भूकंपांचे ध्वनी ऐकण्याजोगे केले होते आणि १९५३ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिकाही निघाली होती. हेच गृहस्थ विजेवर चालणारे व्हायोलिन, चेलो आणि पियानोही तयार करत होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी भूमिगत अणुस्फोट आणि नैसर्गिक भूकंप यांतला फरक कानाने ओळखता येतो का, याचे प्रयोग झाले आणि तयार कानाचे श्रोते बहुतांश वेळा तो फरक बरोबर सांगत, असे दिसून आले. आपल्याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तबल्याच्या आणि मृदंगाच्या पुडीवर बारीक वाळू पसरून तिची कंपने डोळ्यांना दिसतील अशी केली आणि साध्या चामड्याचे बेसूर उपस्वर शाईच्या लेपामुळे सुरात कसे येतात, हे दाखवले. तबला बनवणाऱ्या कारागिरांनी शेकडो वर्षे हाताने साधलेली गोष्ट एका भौतिकशास्त्रज्ञाने वाळूच्या रेषांत वाचली, हे उदाहरण मी वर्गात नेहमी देत असे.

वर्गातला आमचा प्रयोग अगदी साधा होता. पत्र्याचा गोल डबा दोन्ही बाजूंनी कापायचा, एका तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधायचे, त्यावर रांगोळीची पूड भुरभुरायची आणि दुसऱ्या तोंडाशी ओठ नेऊन लांब ‘आ’ लावायचा. आवाज योग्य उंचीवर आला की पूड थरथरते, सरकते आणि वर्तुळात किंवा आडव्या पट्ट्यांत गोळा होते. आवाज थोडा वर नेला की पहिली आकृती मोडते आणि दुसरी बांधली जाते. एरवी चित्रकलेच्या तासाला खिडकीबाहेर पाहणारी मुले त्या डब्याशी श्वास रोखून बसत. ज्या मुलीला गाता येत असे तिची आकृती जास्त वेळ टिके, आणि मग सगळे तिच्याकडून सूर लावायला शिकू पाहत. विज्ञान, गाणे आणि चित्र यांचे वेगळे तास त्या डब्याला माहीत नव्हते.

जगात इतरत्र या दिशेने गंभीरपणे काम झाले आहे आणि त्यातले काही आमच्या परिस्थितीशी विलक्षण जुळणारे आहे. कॅलिफोर्नियात पार्कफील्ड नावाचे एक छोटेसे गाव सॅन अँड्रियास भ्रंशावर, म्हणजे जिच्यावर खडक सरकतात अशा लांबलचक भेगेवर, वसलेले आहे. तिथे शास्त्रज्ञांनी सुमारे ३ किलोमीटर खोल विवर खोदून भ्रंशाचा अभ्यास केला. त्याच गावात २००८ मध्ये एका कलावंताने जमिनीत खड्डा घेऊन कंपनमंच बसवला आणि राज्यात भूकंप नोंदला गेला की त्या नोंदीवर तो मंच हलेल अशी जोडणी केली. बर्कलीचे केन गोल्डबर्ग हे यंत्रमानवशास्त्राचे प्राध्यापक आणि कलावंतही. त्यांनी हेवर्ड भ्रंशाजवळच्या भूकंपमापकाचा चालू संकेत ध्वनीत रूपांतरित केला, आणि १९०६ च्या भूकंपाला १०० वर्षे झाली तेव्हा, २००६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या रंगमंचावर एका बॅले नर्तिकेने त्या क्षणी जमिनीतून येणाऱ्या कंपनावर नृत्य केले. पुढच्या क्षणी काय वाजेल हे तिलाही माहीत नव्हते आणि शास्त्रज्ञांनाही नव्हते. आमच्या बाजूला ढोलकीवर साथ करणारी, तोडा कुठे येईल हे समोरच्याच्या पावलावरून ओळखणारी माणसे आहेत. त्यांच्यासमोर कोयनेच्या जमिनीची लय ठेवली तर ते काय करतील, हे पाहण्याची मला फार उत्सुकता आहे.

इटलीच्या सिसिली बेटावरचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. कोयनेनंतर जेमतेम महिनाभराने, जानेवारी १९६८ मध्ये, तिथल्या बेलिचे खोऱ्यात भूकंप झाला आणि जिबेलिना हे गाव भुईसपाट झाले. गाव दुसरीकडे वसवले गेले. अल्बर्टो बुर्री या चित्रकाराने १९८० च्या दशकात जुन्या गावाचे ढिगारे जागच्या जागी ठेवून त्यांवर पांढऱ्या काँक्रीटचे माणसाच्या खांद्याएवढे उंच ठोकळे घातले आणि मधून जुन्या गल्ल्यांसारख्या वाटा सोडल्या. हे काम सुमारे ८ हेक्टरांवर पसरले आहे आणि ते पूर्ण व्हायला २०१५ साल उजाडले. मी ते छायाचित्रांतच पाहिले आहे, पण ती छायाचित्रे पाहताना माझ्या मनात किल्लारी येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपलेले असताना, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. त्या भागात आदल्या वर्षीपासून धक्के बसत होते. लोक ते सांगत होते, जमिनीतून आवाज येतो असेही सांगत होते. त्यावरून मोठ्या भूकंपाचे भाकीत करता आले असते असे मी म्हणत नाही, कारण असे भाकीत कोणालाच करता येत नाही. पण लोक कानांनी जे ऐकत होते ते कोणीतरी बसून नीट ऐकून घ्यावे, त्याची नोंद करावी, त्याला यंत्राच्या नोंदीशेजारी जागा द्यावी, एवढा मान त्या ऐकण्याला मिळायला हवा होता.

आता जे होऊ नये त्याविषयी. काही वर्षांपूर्वी मी मुलांची सहल घेऊन एका शहरातल्या विज्ञानप्रदर्शनाला गेलो होतो. तिथे ‘भूकंपाचा अनुभव घ्या’ अशी पाटी लावलेला हलता मंच होता. मुले त्यावर चढली, कळ दाबली गेली, मोठा गडगडाट सुरू झाला, मुले किंचाळली, हसली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. आमच्याबरोबर शाळेचे शिपाईमामा होते. १९६७ मध्ये त्यांची धाकटी बहीण गेली होती. ते मंचापासून लांब, दाराच्या चौकटीत उभे राहिले आणि मुलांच्या चपला सरळ करत बसले. परतीच्या वाटेवर त्यांनी मला एवढेच विचारले, “गुरुजी, आवाज आधी येतो ना हो? ह्यांनी हलवल्यावर लावला.” त्यांचे म्हणणे खरे होते. आमच्याकडे पुष्कळदा आधी जमीन गुरगुरते आणि मग घर हलते, कारण वेगाने येणाऱ्या पहिल्या लहरींचा काही भाग हवेत उतरून कानाला ऐकू येतो आणि जोराचा झटका देणाऱ्या दुसऱ्या लहरी मागून पोहोचतात. मंच बनवणाऱ्यांनी एका तरी कोयनेच्या माणसाला विचारले असते तर ही चूक झाली नसती. मला ती चूक विज्ञानाचीही वाटते आणि कलेचीही.

म्हणून माझ्या मनातल्या खोलीत धक्क्याचा खेळ नको. तिथे अंधार असावा, बसायला लाकडी फळ्यांची जमीन असावी आणि खालून त्या फळ्यांना चालू संकेत जोडलेला असावा, म्हणजे ज्याला कमी ऐकू येते त्यालाही तो तळहाताने कळेल. बहुतेक वेळा तिथे जवळजवळ काहीच घडणार नाही, आणि ते तसेच राहू द्यावे. दर्शकाला कंटाळा येईल म्हणून जुना मोठा भूकंप मध्येच वाजवू नये. १९६७ ची नोंद ऐकवायची असेल तर ती वेगळी, सांगून आणि ऐकणाऱ्याची तयारी असेल तरच ऐकवावी. इथे भविष्य सांगितले जात नाही, ही सूचना दारावरच मराठीत मोठ्या अक्षरांत असावी; कारण प्रत्येक धक्क्यानंतर मोबाइलवर अफवा फिरतात आणि अशी खोली त्यांना खतपाणी घालता कामा नये. चालू संकेत काही मिनिटे उशिराने दिला तरी आमची तक्रार नाही.

न जाणवणाऱ्या गोष्टीसाठी वास्तू बांधणे महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा सुरू झाली आणि तिच्या इमारतीसाठी तपासून घेतलेला पोरबंदरी दगड वापरून लोखंड कटाक्षाने टाळले गेले. त्या काळी जी काळजी मोजमापासाठी घेतली, तीच आज अनुभवासाठी घ्यावी एवढेच मी मागतो.

शास्त्रज्ञहो, आपल्याकडे आणखी एक ठेवा आहे, तो म्हणजे विवरांतून काढलेले खडकाचे दंडगोल. गोठणे येथे २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोलीचे विवर पूर्ण झाले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत लाव्हाचे थरावर थर आणि त्याखाली एकदम अब्जावधी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइटसदृश खडक लागला. सह्याद्रीचा काळा दगड आम्ही जन्मभर पाहतो. पण दोन लाव्हांच्या मधली विटेसारखी तांबडी पट्टी, बुडबुड्यांच्या पोकळ्यांत भरलेली पांढरी खनिजे आणि खाली राखाडी-गुलाबी कणांचा परका वाटावा असा खडक, हे एकाखाली एक ठेवून चित्रकाराला दाखवले तर रंगसंगतीचा असा धडा कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. वर्षातून काही दिवस तरी कलाविद्यार्थ्यांना हे दंडगोल पाहू द्यावेत, त्यांसमोर बसून काढू द्यावेत.

आणि कला संचालनालयाला माझी विनंती अशी की, दरवर्षी दोन तरुण कलावंतांना, त्यांत एक तरी ध्वनीचे काम करणारा असावा, ऑगस्ट ते जानेवारी या काळात आमच्या खोऱ्यात राहण्यासाठी पाठवावे. हा काळ मी मुद्दाम सांगतो. जलाशय भरण्यापासून थंडीपर्यंतची जमीन त्यांना त्यात भेटेल. दोन दिवसांच्या कार्यशाळेतून छायाचित्रांपलीकडे काही निघत नाही, हे मी कार्यशाळा घेऊनच शिकलो आहे. त्यांनी आठवड्यातले काही दिवस शास्त्रज्ञांबरोबर बसावे आणि काही दिवस हेळवाकपासून वारणेपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर जावे, म्हाताऱ्या माणसांकडून ‘धरणीकंप’, ‘भुई गुरगुरली’, ‘शेषाने फणा हलवली’ हे शब्द त्यांच्याच आवाजात मुद्रित करावेत. जपानात १८५५ च्या एडोच्या भूकंपानंतर लोकांनी जमिनीखालच्या प्रचंड माशाची शेकडो चित्रे छापली आणि ती आज तिथल्या संग्रहालयांत जपलेली आहेत. आमचा शेषनाग अजून फक्त आज्यांच्या तोंडी आहे, आणि १९६७ ला जाणत्या वयात असलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.

माझ्याकडून देण्यासारखी एक गोष्ट आहे. नोकरीला लागल्यापासून, अंगाला जाणवलेल्या प्रत्येक धक्क्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुलांना कोरा कागद देऊन सांगत असे, की घर, माणसे, पडलेली भांडी काही काढू नका. धक्का कसा होता तो एकाच रेषेत काढा. मार्च २००५ मधल्या धक्क्यानंतर आठवीतल्या एका मुलीने कागदाच्या डाव्या कडेपासून अगदी बारीक, दाट थरथर काढली, मग बोटभर जागा जवळजवळ सरळ सोडली आणि त्यापुढे पेन्सिल दाबून पाच-सहा मोठे झोके काढले, जे हळूहळू लहान होत गेले. मला ते चित्र अपुरे वाटले आणि मी तिला मधली जागा भरायला सांगितले. ती म्हणाली, “गुरुजी, तिथं काहीच नव्हतं. आम्ही दाराकडं निघालो होतो.” पुढे आमच्या विज्ञान शिक्षकांनी एका भूकंपाच्या नोंदीची छापील प्रत आणली तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या लहरींमधले ते अंतर मी पहिल्यांदा पाहिले. तिचा कागद मी जपून ठेवला आहे, मागच्या बाजूला तारीख आणि गाव लिहिलेले आहे.

असे कागद ११ वह्यांत चिकटवलेले आहेत. प्रत्येकावर तारीख, गाव आणि मूल त्या वेळी कुठे होते, अंगणात, माळ्यावर की गोठ्यात, एवढी नोंद आहे. मुलांची नावे मी झाकली आहेत. आपल्या यंत्रांच्या त्या-त्या दिवसांच्या नोंदी त्यांच्याशेजारी ठेवून पाहता आल्या तर काय जुळते आणि काय जुळत नाही, हे आपणांपैकी कोणालाही एका दुपारीत तपासता येईल. आपण दिवस कळवावा. पाटणहून सकाळच्या एसटीने निघून मी वह्या घेऊन कराडला येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षक
तालुका पाटण, जिल्हा सातारा